पेटीत पेटी

लोणावळ्याला लोक पाऊस बघायला जातात, धबधब्याखाली उभं राहायला जातात, येताना चिक्की आणतात. मी तिथं एक पेटी आणायला गेले होते. धबधबा मला दिसला तो रिक्षातून, तोही शेजारी बसलेल्या बाईंच्या खांद्यावरून.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसच्या अलीकडे. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुण्यात आले ती चुलत बहिणीचं बाळ सांभाळायला. त्याच इमारतीत शुभाताई राहत होत्या, म्हणून या कामात पडले. ताई गावोगावची गाणी रेकॉर्ड करतात, ज्यांची कधी कॅसेटसुद्धा निघाली नाही अशी. मी वायरी जोडते, माईक धरते, हेडफोन लावून बसते. ताईंनी पहिल्यांदा तो माझ्या कानाला लावला तेव्हा मला खालच्या मजल्यावरची फोडणी ऐकू आली. जगात एवढं काही वाजत असतं हे मला त्या दिवशी कळलं. ताईंचे उपकार मी तिथून पुढं धरते.

या वर्षी गणपती झाले आणि ताईंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. दोन कापडी बॅगा दोघींनी वाटून न्यायच्या, हे संपलं. आता सगळं सामान एकटीला ओढता आलं पाहिजे, पावसात कोरडं राहिलं पाहिजे, आणि एसटीत कुणी बैठक समजून वर बसलं तरी मोडता कामा नये. ताईंच्या ओळखीचे एक कॅमेरामन काका काम थांबवून खंडाळ्याला राहतात. त्यांच्याकडे चाकांच्या दोन केस होत्या. एक घेऊन जा म्हणाले. कोणती आणू, असं मी ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ओढणार तू. मग निवडणार पण तूच."

घरी मी कधी स्वतःची चप्पल निवडली नव्हती. बाजारातून येईल ती घालायची, मोठी असली तर पुढं कापूस भरायचा.

आणि नुसतं निवडून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच केस घेऊन मला एकटीनं सुदुंबऱ्याला जायचं होतं. तिथल्या सोनाबाई मावशींचे मालक रेल्वेत गँगमन होते, घाटात रूळ तपासायचे आणि गावातल्या गायन पार्टीत गायचे. गाणी स्वतः जुळवायचे. ती कुणी लिहून घेतली नाहीत. ते वारले तेव्हा त्यांच्या मागं कोरस धरणाऱ्या मावशींनाच ती पाठ उरली. आता मावशीही लेकीकडे वापीला निघाल्या होत्या, बहुतेक कायमच्या. आमच्या हातात त्यांची जायच्या आदली एक दुपार होती.

खंडाळा

काकांचं घर म्हणजे एका मोठ्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. पुढचा बंगला बंद, मागं मात्र चूल, मांजर, वाळत न वाळणारे कपडे. खंडाळ्याचं धुकं घरात येतं हे मला खोटं वाटायचं. काकूंनी दार उघडलं आणि माझ्यासोबत तेही आत आलं. आमच्याकडे सप्टेंबरात ऊन डोकं भाजतं. इथं काकू चादरीला इस्त्री करून मगच अंथरतात, ओल जावी म्हणून.

"केस बघायला आलीस ना?" काकू म्हणाल्या. "ह्यांच्या डोक्यावरचे तर गेले. आता पेटाऱ्यातले उरलेत."

काकांनी दोन्ही केस ओसरीत मांडल्या. एक अॅल्युमिनियमची, रुपेरी, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या, दिसायला अगदी सिनेमातली. दुसरी काळी, जाड प्लॅस्टिकची, पहिलीपेक्षा बरीच मोठी, खरचटलेली. मी काळी उघडली आणि एकदम सुगंध आला. आत तांदूळ होते. इंद्रायणी तांदूळ, मावळातला, मऊ भाताचा. काकू म्हणाल्या, पावसाळ्यात डब्यात पोरकिडे होतात, यात होत नाहीत, म्हणून मी ही कामाला लावली. मी ओशाळले. म्हटलं, मग राहू द्या, मी रुपेरी नेते. काका म्हणाले, तांदळाची काळजी करू नकोस, तांदळाला कॅमेऱ्यापेक्षा कमी कळतं. आधी दोन्ही ओढून बघ.

मग तो सगळा सकाळचा वेळ मी पेट्या ओढण्यात घालवला. मला ते इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. बॅगांमधलं सामान मी आधी रुपेरीत भरलं. सगळं नेमकं बसलं, जसं काही तिच्यासाठीच केलेलं. उचलायलाही हलकी. बंगल्याच्या खडीवरून ओढली तर मात्र ती बोलायला लागली. चाकं लहान, दगडावर आपटत होती, आणि तो खडखडाट दांड्यातून माझ्या हातात येत होता. माझ्या हातात येतो म्हणजे माईकमध्येही जात असणार. मी ती आडवी केली आणि बोटांनी ठोकून बघितली. एका कोपऱ्यात आवाज फुटका होता, तडा गेलेल्या घागरीसारखा. तिथला रिव्हेट ढिला होता.

काळीची चाकं रुंद, रबरी. खडीवरून ती नुसती गुरगुरत आली. ठोकली तर सगळीकडून एकच दबका आवाज.

"ठोकून काय बघतेस, कलिंगड आहे का?" काकांनी विचारलं. पण नंतर त्यांनीही वाकून दोन्ही ठोकल्या.

मग पाण्याची परीक्षा. दोन्हींत कोरडा पेपर ठेवला, झाकणं लावली आणि पागोळ्यांखाली उभ्या केल्या. आम्ही जेवायला बसलो. काकूंनी पिठलं आणि त्याच तांदळाचा भात वाढला. पिठल्याला आमच्याकडे चून म्हणतात आणि ते भाकरीशी खातात. भाताशी म्हणजे आजाऱ्याचं जेवण. तो भात मी तीनदा मागून घेतला. काकू म्हणाल्या, आजारी दिसत नाहीस.

जेवण झाल्यावर बघितलं तर रुपेरीतल्या पेपरची कड ओली होती. काळीतला पेपर कोरडा, वाचण्याजोगा. तिच्या झाकणाच्या कडेनं रबराची एक पट्टी फिरते, दार घट्ट बसावं तशी. कडीशेजारी एक लहानसं बटण आहे. केस इतकी हवाबंद, की घाट चढल्या-उतरल्यावर झाकण आतून ओढून धरतं. मग ते बटण फिरवायचं. फुस्स करून हवा आत जाते आणि झाकण सुटतं. मी ते उगाचच पुन्हापुन्हा फिरवलं.

काळीतही अडचण होतीच. सामान भरून अर्धी जागा उरत होती, आणि रिकामीच इतकी जड की मला उचलवेना. काका म्हणाले, हे नीट लक्षात घे, रिकामी जागा माणसाला सुखानं राहू देत नाही. भरायचा मोह होतो, मग तीच तुला ओढते. मी कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत बसले. शेवटी काळी म्हटलं. कारण विचाराल तर धीट कारण नाही. सामान भिजलं तर ताईंना काय तोंड दाखवू, याची भीती मला ही जिन्यावर कशी चढवू या भीतीपेक्षा मोठी वाटली. काकूंनी तांदूळ रुपेरीत ओतले. ओल येईल, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, त्याआधी खाऊन संपवू.

संध्याकाळी मावशींच्या पुतण्याला, संजूभाऊंना, फोन केला. सुदुंबऱ्यातलं सगळं तेच बघत होते. इथं मी शहाणपणा केला. 'केस घेऊन येते' म्हटलं तर त्यांना कोर्टातली वाटेल, नाहीतर डोक्यावरचे. तेव्हा शुद्ध मराठी शब्द वापरला. म्हटलं, "पेटी मिळाली, भाऊ. मोठी आहे, चांगली आहे. उद्या पेटी घेऊनच येते."

ते खूश झाले. "लय ब्येस झालं, ताई. मंग आमची आमी देऊन टाकतो."

मी बरं म्हटलं. त्यांची म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मोठ्या माणसांना उलट विचारायची मला अजून सवय नाही.

लोणावळा

सकाळी काका रिक्षानं लोणावळा स्टेशनपर्यंत सोडणार होते, पण बाजारात गाड्यांची एवढी रांग लागलेली, की मी अलीकडेच उतरले. चिक्कीच्या दुकानांवरून गुळाचा वास येत होता. रेनकोट घातलेले पाहुणे एका हातात कणीस, एका हातात मोबाईल धरून चाललेले. माझ्या पेटीकडे बघून लोक वाट देत होते. मला अशी वाट आजवर कुणी दिली नव्हती. एका पोरींच्या घोळक्यानं विचारलं, शूटिंग कुठं आहे, हिरो कोण आहे. मी म्हटलं, एक मावशी आहेत. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी लपवते आहे.

स्टेशनाच्या तोंडाशी पेटी अडली. ओढली तर एक चाक घसटत यायला लागलं. मीच निवडलेली, आणि पहिल्याच बाजारात मोडली. आडवी करून बघते तर कणसाची सालं आणि केसर चाकात गुंडाळलं गेलेलं. फुटपाथवर बसून ते ओढून काढलं. कणसं भाजणाऱ्या मावशी निखारा फुंकत बघत होत्या. म्हणाल्या, "हितं गाड्यांची चाकं खड्ड्यात अडकत्यात, तुजं कणसात अडकलं. खाऊन टाक एक, म्हंजी फिटलं." मी खाल्लं. तिखट-मीठ-लिंबू. आमच्याकडे नुसतं भाजून खातात.

पुलाच्या जिन्याशी मात्र काकांचे शब्द आठवले. पेटी हलेना. एका पायरीवर चढवायची, दम घ्यायचा, दुसऱ्या पायरीवर चढवायची. रुपेरी घेतली असती तर केव्हाच पलीकडे असते, असं प्रत्येक पायरीला वाटलं. मागून एक गँगमनसारखे दिसणारे, नारिंगी जाकिटातले भाऊ आले, न विचारता खालची बाजू धरली आणि वर पोचल्यावर न बोलता निघून गेले. नावही विचारायचं राहिलं. सोनाबाई मावशींचे मालक तरुणपणी असेच दिसत असतील, असं उगाच वाटलं.

सुदुंबरे

तळेगावला उतरले तर संजूभाऊ टेंपो घेऊन आलेले. ते भाजी वाहतात. टेंपोचा मागचा भाग उघडा. गावाकडे जाताना एका बाजूला भाताची हिरवी खाचरं आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या निळ्या शेड, असं सारखं चालू होतं. भाऊ म्हणाले, सकाळी शेतात आणि दुपारी पाळीला, आमी दोन्हीकडं ओलेच असतो. एकीकडं पाण्यानं, एकीकडं घामानं.

मावशींच्या घरी बायका जमल्या होत्या. सतरंजी अंथरलेली, भिंतीला पाठ लावून मावशी बसलेल्या, पांढरी साडी, नाकात काही नाही. मी जयभीम केला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पोरी, लय लांबून आलीस, एवढंच म्हणाल्या. बाहेर कुणीतरी ओरडून सांगत होतं, पेटी आली, पेटी आली. सगळ्या पेटीभोवती बसल्या. मला बरं वाटलं. माझ्या निवडीचं एवढं कौतुक होईल असं वाटलं नव्हतं. मी कड्या उघडल्या, बटण फिरवलं, झाकण वर केलं. आत काळा स्पंज, त्यात माईक, रेकॉर्डर, कॅमेरा.

मावशींनी वाकून बघितलं. "आन ही वाजती कुटनं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. आमच्या गावात तिला नुसतं बाजा म्हणतात आणि पेटी म्हणजे पत्र्याची, कपड्यांची. पण मी आवाजाच्या कामातली, मला हे कळायला हवं होतं. संजूभाऊ डोकं धरून बसले. मी नवी आणते आहे, तीही मोठी, या भरवशावर त्यांनी मावशींच्या मालकांची पेटी सकाळीच सोमाटण्याला व्याह्यांकडे पाठवली होती, त्यांच्या नातवाच्या नामकरणाच्या कार्यक्रमाला.

मी मावशींच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला वर ओढलं. हसल्या. पण मी पेटीशिवाय गाता का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"त्यांनी काळी दोन पट्टी बांधून दिली. पेटीबिगर माजा सूर खाली उतरतो. मंग ते रडगानं व्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांची गानी रडायची न्हाईत, बाय. कामाची हायत."

ताईंना फोन केला. वाटलं, रागावतील. त्या खूप हसल्या आणि मग म्हणाल्या, तू तिथं आहेस, काय करायचं ते तू ठरव. पुन्हा तेच. मी संजूभाऊंना विचारलं, सोमाटण्याला जाऊन पेटी आणता येईल का. ते बाहेर बघत म्हणाले, येईल की, पण आभाळ बघा. तोवर पाऊस पत्र्यावर वाजायला लागला होता. बाजाच्या पेटीला पाणी म्हणजे विष. भाता सडतो, सूर गंजतात.

मी माझ्या पेटीकडे बघितलं. मग सगळं सामान काढून मावशींच्या सतरंजीवर मांडलं, माईक उभा केला, मधला कापलेला स्पंज काढून कोपऱ्यात ठेवला आणि रिकामी पेटी टेंपोवर चढवली.

सोमाटणे

व्याह्यांचं घर जुन्या हायवेला लागून. नामकरण उरकलं होतं, पंगती उठत होत्या. आम्हाला बसवून जेवायलाच लावणार होते. मी बुंदी हातात घेऊन उभ्या उभ्या सांगितलं. घरातले थोरले आबा, पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, म्हणाले, पेटी तुमचीच हाय, पर ह्या पावसात उघड्या टेंपोवर मी न्येऊ देणार न्हाई. माझ्या व्याह्याची निशाणी हाय ती. उद्या उघडीप बघून धाडतो.

उद्या मावशी नसणार, मी म्हटलं. आबा हलले नाहीत. मी पेटी ओढून ओसरीत आणली आणि सांगितलं, पाणी आत जात नाही. त्यांनी ती चारी बाजूंनी बघितली.

"असं समदेच म्हनत्यात. माजी छत्री घेतानाबी त्यो असाच म्हनला व्हता."

मग खंडाळ्याचीच परीक्षा करायचं ठरवलं. पेपर आणा म्हटलं. आबांनी पेपर आणला नाही. डोक्यावरची टोपी काढली, घडी नीट केली आणि आत ठेवली. इस्त्रीची, त्या दिवसासाठी खास घातलेली टोपी. मी कड्या लावल्या. संजूभाऊंनी आणि मी पेटी पागोळीखाली उभी केली. सगळं घर दारात येऊन बघत उभं. आबा उघड्या डोक्यानं मधे. वरून धार पडत होती आणि मी मनात काकूंच्या तांदळाची शपथ घालत होते. कुणी म्हणालं, आबा, टोपी गेली म्हणून समजा. आबा म्हणाले, टोपी गेली तरी पेटी तर ऱ्हाईल.

उघडली. आबांनी टोपी काढून आतून-बाहेरून बघितली, कडेला बोट फिरवलं, हुंगली.

"कोरडी हाय," ते म्हणाले. आणि डोक्यावर घालता घालता, "ह्येला भाताचा वास कसा काय?"

बाजाची पेटी आणून आत ठेवली तर ती अशी बसली की काय सांगू. बाजूला हातभर जागा उरली, तीत आबांच्या सुनेनं दोन गोधड्या दाबल्या. रुपेरी घेतली असती तर झाकणच लागलं नसतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. कड्या लावल्या आणि टेंपोत मागं, पेटीला धरून बसले. भाऊ पुढं या म्हणाले, भिजाल. मी म्हटलं, भिजू दे, मला ना भाता आहे ना सूर. पाऊस अंगावर घेत, पेटीवर हात ठेवून मी मावळातून गेले. कधी नव्हे ते मला कशाची काळजी वाटत नव्हती.

पुन्हा सुदुंबरे

मावशी तिथंच बसलेल्या होत्या. बायकांनी चहा करून ठेवलेला. पाऊस ओसरला होता. मी डोकं पुसलं, हेडफोन लावला आणि आवाज किती येतोय ते बघायला रेकॉर्डर चालू केला. तेवढ्यात मावशींनी हाक मारली, आधी पेटी उघड. तेव्हा तो चालूच राहिला.

संजूभाऊंनी पेटी बाहेर काढून मांडी घातली. तिची एक पट्टी अडकते. ते ती बोटानं वर उचलून मगच वाजवतात, इतकी सवय की कळतही नाही. काळी दोन लागली. मावशींनी डोळे मिटले नाहीत. समोर, दाराबाहेर बघत गायल्या, जसं कुणी लांबून येताना दिसतंय.

घाटात धुकं गं, दिसंना वाट,
हातोडी सांगते रुळाची गाठ.
वाजव हातोडी, लाव रे कान,
तुटल्या रुळाला न्हाई रं तान.

मागं बायकांनी कोरस धरला. हेडफोनमध्ये मला मावशींचा श्वास ऐकू येत होता, भात्याचाही ऐकू येत होता, दोघांचं वय एकच वाटत होतं. त्यांचे मालक धुक्यात रूळ ठोकून ऐकत चालायचे. फुटका आवाज आला तर गाडी थांबवायची. खंडाळ्यात काकांनी मला कलिंगड आहे का म्हणून विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं.

मावशी एकही गाणं रडल्या नाहीत. अंधार पडायच्या आत त्यांना आठवत होती ती सगळी झाली. शेवटी त्या माझ्या पेटीच्या चाकावरून हात फिरवत म्हणाल्या, आता वापीला पण कुणी इचारलं तर सांगीन, आमच्याकडं एक पेटीवाली येती, तिच्या पेटीत पेटी असती.

दुसऱ्या दिवशी पुण्यात ताईंना पेटी दाखवली. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंच नाही, आधी हेडफोन मागितला. चांगल्या हातानं तो कानाशी धरून ऐकत राहिल्या. मी समोर उभी, हातात लोणावळ्याची चिक्की. सुरुवातीलाच त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, गाण्याच्या आधी हे ठक, ठक आणि मग फुस्स, हे काय आहे? कापून टाकू?

मी म्हटलं, पुढचं ऐका.

त्यांनी पुन्हा लावलं. ठक. ठक. फुस्स. मग बायकांची कुजबुज, आणि त्यावर मावशींचा आवाज, अगदी जवळून: "कोरडी हाय का? मंग गाते."

ताईंनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. आम्ही ते कापलं नाही.